दवाखान्याचे प्रगतिपत्रक : लोकाधारित देखरेखीचा ३ वर्षांचा अनुभव

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षे मुलांची प्रगतिपत्रके भरली. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हाती जे पत्रक आले, त्यात गुण द्यायचे होते ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला. उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडे असते, बाळंतीण घरी परत सोडायला गाडी मिळते का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, असे प्रश्न डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला हिरवा (चांगले), पिवळा (मध्यम) व लाल (वाईट) असे ३ रकाने होते. या पद्धतीला लोकाधारित देखरेख म्हणतात. गेली ३ वर्षे आमच्या पंचक्रोशीतील ६ गावांमध्ये आम्ही ती वापरत आहोत. आपल्याही गावात सुरू करावी का, असे अनेक जण विचारतात, म्हणून तिचे गुण आणि उणिवा सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे आहे. मुख्य गाव, एक तांडा आणि टेकडीच्या पायथ्याशी कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे वस्ती, मिळून आमची ग्रामपंचायत होते. पीक कपाशी आणि तूर. प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला की ते ११ किलोमीटर २६ होतात. हे अंतर लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे, कारण या पद्धतीतील जवळजवळ प्रत्येक अडचण शेवटी त्या नाल्यापाशी येऊन थांबते.

ही पद्धत आमच्याकडे शासकीय कार्यक्रम म्हणून आली नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले. आरोग्य सेवेवर लोकांनी लक्ष ठेवावे आणि नियोजनातही भाग घ्यावा, हे तत्त्व त्या अभियानाच्या चौकटीतच होते. महाराष्ट्रात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा ५ जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली आणि पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यपातळीवरील समन्वय होता. पुढे गडचिरोली, चंद्रपूर यांसारखे जिल्हे त्यात आले. जनसुनवाई, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर जाहीरपणे तक्रारी मांडण्याची सभा, त्याहून जुनी आहे. जन स्वास्थ्य अभियान आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांनी मिळून २००४ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या विभागांत आरोग्य सेवेच्या हक्कावर जनसुनवाया घेतल्या होत्या. आमच्याकडे मात्र राज्यभरातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या जाळ्याशी जोडलेले २ तरुण मोटारसायकलवर आले, बचत गटाच्या बैठकीत बसले आणि पत्रकांचा एक गठ्ठा देऊन गेले. त्यांच्यामागे ना शासनाचा आदेश होता, ना निधी. याचा फायदा असा की आमच्यावर कोणाचा दबाव नाही. तोटा असा की आमचा कागद घेण्यास कोणी बांधील नाही.

प्रथम प्रशिक्षणाविषयी. २ दिवसांचे शिबिर तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झाले आणि ६ गावांतून २८ जण आले, त्यांत १९ बाया होत्या. शिबिर उत्तम होते, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. शिकवणाऱ्यांनी भाषणे केली नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला : सरकारी दवाखान्यात तुम्हाला काय फुकट मिळते? कोणी लस म्हटले, कोणी गोळ्या म्हटल्या, आणि एक आजी म्हणाल्या, “केसपेपरचे पैसे लागतेच ना जी.” मग एकेक गोष्ट फळ्यावर आली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, घरून नेणे व घरी परत सोडणे हे सारे विनामूल्य आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवणही मिळायला हवे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत आणि त्यात केसपेपरही आला. खोलीतील निम्म्याहून अधिक बायांची बाळंतपणे २०११ नंतरची होती. ३ दिवस जेवण मिळाल्याचे त्यांच्यापैकी दोघींनाच आठवत होते. त्या दिवशी दुपारी चहा थंड होत राहिला, कारण प्रत्येकीला आपली हकिकत सांगायची होती.

शिबिराची उणीव भाषेची आहे. छापील पुस्तिकेत ‘अबंधित निधी’, ‘संदर्भ सेवा’, ‘सेवा हमी’ असे शब्द आहेत आणि ते पुस्तिकेपुरतेच राहतात. आमच्याकडे ‘संदर्भ सेवा’ कोणी म्हणत नाही. “रेफर केलं,” असे म्हणतात आणि त्यातच सगळे येते. पोडावरील लोकांची बोली कोलामी. मराठी पुरुषांना येते, म्हाताऱ्या बायांना फारशी येत नाही. कोलाम हा महाराष्ट्रातील ३ विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, इतरांपेक्षा त्यांना या पत्रकाची गरज अधिक, आणि नेमक्या त्यांच्यासाठीच पत्रक तयार नव्हते. ही चूक कार्यकर्त्यांनी मान्य केली आणि दुसऱ्या वर्षी चित्रांचे पत्रक करून आणले. ते बरे आहे, पण त्यातील रुग्णवाहिकेचे चित्र पोडावरील मुलांनी एसटी म्हणून ओळखले, एवढे नमूद करते.

आता पत्रकाविषयी. गावात गटचर्चा घेऊन, आशाताई आणि आरोग्यसेविकेशी बोलून आणि केंद्राला प्रत्यक्ष भेट देऊन ते भरायचे असते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि सर्वांत अवघडही. पहिल्या भेटीत आम्ही ५ जणी गेलो, तेव्हा औषध भांडाराची किल्ली सापडायला पाऊण तास लागला. आत भिंतीला लागून लोखंडी रॅक होते, खालच्या फळीवर सलाईनची खोकी, मधल्या फळीवर लोहाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे होती. साठा नोंदवही एका टेबलावर होती. मी चष्मा लावून तिच्यातील एक ओळ वाचत होते आणि माझ्याबरोबरची बचत गटाची सचिव रॅकवर ती वस्तू शोधत होती. सर्पदंशाची लस शीतपेटीत होती आणि नोंदीएवढीच होती. श्वानदंशाची लस नोंदीत होती, पेटीत नव्हती. अॅट्रोपिनच्या ओळीवर मी थांबले. वहीत शिल्लक शून्य लिहिलेले होते आणि शेवटची आवक मागच्या वर्षीची होती.

यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला या एका ओळीचे गांभीर्य कदाचित जाणवणार नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशीचे झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि वरच्या दिशेने मारलेला फवारा परत अंगावर येत होता. कपाशीवर मारल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेवर अॅट्रोपिन हे जीव वाचवणारे इंजेक्शन आहे आणि ते लगेच द्यावे लागते. फवारणीच्या दिवसांत ११ किलोमीटरवरच्या केंद्रात ते नसेल, तर रुग्ण तेथून ग्रामीण रुग्णालयात आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी असा फिरत राहतो. राज्यभरासाठी छापलेल्या पत्रकात या औषधाचा प्रश्नच नव्हता. ‘अत्यावश्यक औषधे उपलब्ध आहेत का’ एवढा एकच प्रश्न होता. रॅकवरची बहुतेक औषधे होती, म्हणून त्या रकान्याला पिवळा रंग मिळाला असता. आम्ही तो दिला नाही. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला अॅट्रोपिन, सर्पदंशाची लस, श्वानदंशाची लस, लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या अशा ओळी हाताने आखल्या आणि प्रत्येकीपुढे रंगाऐवजी आकडा लिहिला. माझा पहिला ठाम अभिप्राय हाच आहे. ३ रंगांची पद्धत सभेत दाखवायला चांगली आहे, निरक्षर माणसालाही ती कळते. पण औषधांच्या बाबतीत रंग फसवतो. गणितात नापास झालेल्या मुलाला मी ‘एकंदर बरा’ असा शेरा कधी दिला नाही.

रंगांनी दुसऱ्या एका प्रकारे आम्हाला फसवले, आणि ते अधिक क्लेशदायक होते. पहिल्या वर्षी ६ गावांची पत्रके एकत्र लावली, तेव्हा सर्वांत हिरवे पत्रक पोडाचे आले. मुख्य गावाने ७ ठिकाणी लाल दिला होता, तांड्याने ५ ठिकाणी, पोडाने एकाही ठिकाणी नाही. आम्ही चक्रावलो. पुन्हा पोडावर गेलो, झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसलो आणि प्रश्न बदलून विचारले. नर्सबाई चांगली वागते का, याऐवजी नर्सबाई शेवटची कधी दिसली, असे विचारले. औषध मिळते का, याऐवजी मागच्या पावसाळ्यापासून दवाखान्यात कोण कोण गेले होते, ते एकेकाचे नाव घेऊन विचारले. गेलेच नव्हते कोणी. एक जण गेला होता, तोही गाडीखाली पाय आल्यामुळे. ज्यांनी दवाखान्याकडून कधी काही मागितले नाही, त्यांची दवाखान्याविषयी तक्रारही नव्हती, आणि आमच्या पत्रकाने त्या मौनाला हिरवा रंग दिला होता. हा दोष पोडाच्या लोकांचा नाही, प्रश्नाचा आहे. सेवा कशी वाटली, हे विचारण्याआधी सेवा घेतली का, हे विचारले पाहिजे. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही प्रत्येक प्रश्नापुढे ‘गेल्या ६ महिन्यांत किती घरांतून’ असा रकाना वाढवला, आणि पोडाच्या पत्रकावर ९ लाल खुणा आल्या. राज्यपातळीवरील कार्यकर्त्यांना आम्ही हा रकाना कळवला आहे. त्यांच्या पुढच्या आवृत्तीत तो येईल, अशी अपेक्षा आहे.

या सर्व प्रक्रियेचा उत्सवी भाग म्हणजे जनसुनवाई. आमची पहिली जनसुनवाई आरोग्य केंद्राच्याच आवारात मंडप टाकून झाली. मंचावर तालुक्याचे आरोग्य अधिकारी, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे एक सदस्य, एक वकील आणि बाहेरच्या जिल्ह्यातील एक निवृत्त डॉक्टर असे ५ जण होते. समोर सुमारे ३०० माणसे सतरंजीवर बसली होती. आधी प्रत्येक गावाचे पत्रक मोठ्या कागदावर रंगवून दोरीला टांगलेले होते आणि लोक आपापल्या गावाचा कागद शोधत होते. अधिकारीही ते कागद एकेक करून वाचत होते.

तेथे बोललेल्या ११ जणांपैकी एकीची हकिकत सांगते. ती शेतमजुरी करते. सुनेच्या बाळंतपणात तिला इंजेक्शन, हातमोजे आणि धागा बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लावले होते. दर काय, हक्क काय, हे तिला तेव्हा माहीत नव्हते, पण तिने चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपून ठेवले होते. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून तिने ते काढले. चिठ्ठीवरचे अक्षर स्पष्ट होते. बिल मात्र यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरचे होते आणि ५ महिन्यांत त्यावरची छपाई उडून गेली होती. वकिलांनी ते उजेडात तिरपे धरले, निवृत्त डॉक्टरांनी धरले. दुकानाचे नाव अर्धे दिसत होते, रक्कम दिसत नव्हती. ती म्हणाली, “साहेब, सहाशे चाळीस होते. बकरीचं पिल्लू इकून देल्ले मी.” मंडपात कोणी बोलेना. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी रक्कम तिच्या शब्दावर लिहून घेतली. ४३ दिवसांनी तिला ६४० रुपये परत मिळाले. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला आहे की मेडिकलचे बिल हाती आले की त्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि झेरॉक्स करून ठेवायची. ही सूचना कोणत्याही पुस्तिकेत नाही, ती पहिल्या पानावर असायला हवी.

त्याच बाईला पुढे जे सोसावे लागले, ते न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुनवाईनंतर ती नातवाला लस द्यायला गेली, तेव्हा तिला सर्वांत शेवटी घेतले गेले आणि जाता-येता टोमणे ऐकावे लागले. तिने आम्हाला ते ३ महिने सांगितले नाही. जनसुनवाईच्या पद्धतीत बोलणाऱ्याचे धाडस जमेस धरले आहे, बोलून झाल्यावर त्याच्या पाठीशी कोण, हे धरलेले नाही. आम्ही आता वाईट वागणुकीच्या तक्रारी व्यक्तीच्या तोंडून मांडत नाही, गावाच्या वतीने मांडतो, आणि सुनवाईनंतरचे ६ महिने तक्रारदारासोबत गटातील एक बाई दवाखान्यात जाते. हा उपाय आम्ही स्वतः शोधला. शिबिरातच तो शिकवला गेला असता, तर त्या बाईचे ते ३ महिने तसे गेले नसते.

सुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या उत्तरानेही माझे मत बदलले. मला वाटत होते की दोष आळसाचा आहे. त्यांनी फाइल उघडली आणि अॅट्रोपिनसाठी पाठवलेली ३ मागणीपत्रे तारखांसह वाचून दाखवली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या २ मंजूर पदांपैकी १ रिक्त होते, औषधनिर्मात्याचे पद रिक्त होते आणि साठ्याची वही एक आरोग्य सहायक आपले काम सांभाळून लिहीत होते. आरोग्यसेविकेकडे स्वतःच्या उपकेंद्राबरोबर शेजारच्या उपकेंद्राचाही भार होता. सर्वसाधारण भागात ५,००० लोकसंख्येला आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे. आमच्या सेविकेच्या वाट्याला त्याच्या दुपटीहून अधिक माणसे येत होती. ती पोडावर पोहोचत नव्हती, याला तिचा एकटीचा दोष कसा म्हणावा? त्या दिवशी मंडपात बसलेल्या लोकांना प्रथमच कळले की समोर बसलेला माणूस आपला विरोधी पक्ष नाही आणि आपल्या तक्रारीचे उत्तर त्याच्याही वरच्या पातळीवर आहे.

म्हणून या पद्धतीकडून कोणती अपेक्षा धरावी, हे नीट समजून घ्यायला हवे. बाहेरची चिठ्ठी देणे, पैसे मागणे, उपकेंद्राला कुलूप असणे, बाळंतिणीला जेवण न देणे, पिण्याच्या पाण्याची टाकी न धुणे, या गोष्टी पहिल्या सुनवाईनंतर ४ महिन्यांत सुधारल्या. जेवणाचा ठेका एका बचत गटाला मिळाला आणि आता ३ दिवस वरण-भात, भाजी, पोळी मिळते, हे मी स्वतः ५ वेळा जाऊन पाहिले आहे. गाव आणि केंद्राच्या पातळीवर ज्याचे उत्तर आहे, त्या प्रश्नासाठी या पद्धतीइतके परिणामकारक साधन मी पाहिलेले नाही. औषधांचा पुरवठा आणि रिक्त पदे मात्र ३ वर्षांत ३ सुनवाया होऊनही मूळ जागीच आहेत, कारण त्यांचे उत्तर आमच्या तालुक्यात नाहीच.

येथून राज्यव्यापी संघटनेचे, म्हणजे पत्रके देऊन गेलेल्या त्या तरुणांच्या जाळ्याचे, काम सुरू होते, आणि तिच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. तिचे बलस्थान असे की ती एका गावाचा कागद दुसऱ्या जिल्ह्यातील कागदाशेजारी ठेवते. आमची औषधांची यादी, मेळघाटातील यादी आणि मराठवाड्यातील यादी शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा सगळीकडे तीच औषधे तुटलेली दिसली. म्हणजे प्रश्न आमच्या भांडारपालाचा नव्हता, खरेदी आणि वाटपाच्या व्यवस्थेचा होता. तामिळनाडूने १९९४ मध्येच औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि तेथे प्रत्येक दवाखान्याकडे पासबुक असते. वर्षाला किती रकमेची औषधे आपल्या वाट्याला आहेत आणि किती उचलली, हे त्यात लिहिलेले असते. ही पद्धत महाराष्ट्रात आणावी, ही आरोग्य चळवळीची जुनी मागणी आहे. २०२३ मध्ये कायदा होऊन वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी राज्यात प्राधिकरण निर्माण झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण आमच्या केंद्राच्या टेबलावर पासबुक येईल, तेव्हाच ती आमच्यापर्यंत पोहोचली असे मी म्हणेन. मला ही पासबुकाची कल्पना फार आवडते. बचत गटातील कोणत्याही बाईला पासबुक वाचता येते.

संघटनेची दुर्बल बाजू मी नागपुरात पाहिली. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी राज्यभरातील आरोग्य हक्कांच्या मागण्या घेऊन मोर्चा निघाला आणि आमच्या ६ गावांतून ३४ जण गेले. पहाटे ३ वाजता काळी-पिवळीने निघून आम्ही पोहोचलो, दुपारी मॉरिस कॉलेजच्या चौकात पोलिसांच्या कठड्यापाशी थांबलो, शिष्टमंडळ आत गेले आणि संध्याकाळी परत आले. आम्ही ६ गावांच्या सह्यांनिशी अॅट्रोपिनचा वर्षभराचा तक्ता दिला होता. १८ मागण्यांच्या निवेदनात तो ‘अत्यावश्यक औषधांचा अखंड पुरवठा करावा’ या एका ओळीत विरून गेला. मागण्या एकत्र केल्याशिवाय राज्यपातळीवर बोलता येत नाही, हे मला समजते. तरीही ज्या गावाने आकडे गोळा केले, त्या गावाला आपला आकडा पुढे कोठे गेला हे कळले पाहिजे, आणि आम्हाला ते आजवर कोणी कळवलेले नाही. याउलट आशाताईंनी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्यभर संप केला, तेव्हा त्यांची मागणी मोजकी होती आणि ती प्रत्येक आशाताईला तोंडपाठ होती. २०२४ मध्ये त्यांच्या राज्य मानधनात दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय निघाला. आमच्या गावची आशाताई त्या दिवसांत रोज तालुक्याला जात होती. तिला मागणीतला प्रत्येक रुपया कशाचा, हे सांगता येत होते. १८ मागण्यांतील ११ वी कोणती, हे आमच्या ३४ जणांपैकी कोणालाच सांगता आले नसते, मलाही नाही.

खर्च आणि वेळ यांविषयी थोडक्यात. वर्षातून २ वेळा पत्रक भरायला आम्हाला प्रत्येक गावी ३ दिवस लागतात. शाई, कागद, झेरॉक्स, प्रवास आणि मंडप धरून ६ गावांचा वर्षाचा खर्च सुमारे १४,००० रुपये येतो आणि तो आम्ही वर्गणीतून काढतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करता येणारा, निधी मिळण्याची तरतूद आहे. तो कशावर खर्च झाला, हे विचारण्याची पहिली संधीही या पत्रकामुळेच मिळते. ज्या गावात समितीची बैठक केवळ सह्यांपुरती होते, त्या गावाने आधी बैठक सुरू करावी, पत्रक नंतर आणावे. काढणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत चर्चा ठेवू नये. बाया येत नाहीत आणि पुरुषांनी भरलेल्या पत्रकात बाळंतपणाचे रकाने कोरे राहतात.

सर्वांत मोठी उणीव शेवटी लिहीत आहे, कारण तिच्यावर उपाय आमच्या हाती आहे. पहिल्या २ सुनवायांत मान्य झालेल्या गोष्टींचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहिले गेले नाही. अधिकारी “करतो” म्हणाले, टाळ्या झाल्या आणि मंडप उतरला. ५ आठवड्यांनी इतिवृत्त आले, तेव्हा त्यातून ४ आश्वासने गळालेली होती आणि दोन अधिकाऱ्यांची बदली झालेली होती. तिसऱ्या सुनवाईत आम्ही मंचाच्या कडेला एक टेबल ठेवले. मान्य झालेली प्रत्येक गोष्ट, ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मोठ्या अक्षरांत वहीत लिहून, मंडपात वाचून दाखवून, तेथेच मंचावरील सर्वांच्या सह्या घेतल्या. १३ नोंदी झाल्या. आज त्यांतील ८ पूर्ण आहेत, ३ अर्धवट आहेत आणि २ बाकी आहेत : औषधनिर्मात्याचे पद आणि पोडावर महिन्यातून ठरलेल्या दिवशी आरोग्यसेविकेची भेट. वही माझ्या घरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती घेऊन आम्ही दोघी केंद्रात जातो. फवारणी सुरू होण्याआधीच्या सोमवारी भांडार उघडून अॅट्रोपिनच्या कुप्या मोजायच्या, हे ठरलेले आहे. या वर्षी त्या दिवशी ४० कुप्या होत्या.